सेनोपातीची शीळ आणि साहेबांची खुर्ची

आधीच सांगून ठेवतो, यंत्राबिंत्राला मी घाबरणारा माणूस नाही. आख्खी नोकरी सेमारांगच्या बंदरात क्रेन चालवण्यात गेली. जहाजाच्या पोटातली लोखंडी पेटी अशी अलगद उचलायचो, की आत माशी झोपली असेल तर तिने कूससुद्धा बदलू नये! त्यामुळे विद्यापीठाची पोरं आमच्या गल्लीत पाण्याची सूचना देणारं यंत्र बसवायला आली, तेव्हा गल्लीचा प्रमुख ह्या नात्याने मी छाती पुढे काढून सांगून टाकलं, यंत्र माझ्या ओसरीवर बसेल, जबाबदारी माझी, आणि गल्लीचं नाव साऱ्या शहरात गाजेल. नाव गाजलं. कसं गाजलं, तेच सांगायला बसलोय.

आमची गल्ली समुद्राच्या अगदी कुशीत. मोठी भरती आली की पाणी गटारातून उलटं वर चढतं आणि घराघरांत शिरतं. त्यात जमीन दरसाल थोडी थोडी खचते. म्हणून आम्ही अधूनमधून घरात भराव टाकून फरशी उंच करतो. फरशी वर येते, छप्पर मात्र आहे तिथेच राहतं. आता आमच्या दारातून आत यायचं तर भल्याभल्यांना वाकावं लागतं. लोक माझ्याकडे मान लववून येतात ते आदराने, असा माझा बरीच वर्षं समज होता. आमची ही म्हणते, ते डोकं आपटू नये म्हणून.

तर पोरांची म्होरकी होती लारास. किडकिडीत, मोठा चष्मा, आणि बोलायला लागली की मध्ये श्वास कुठे घेते ते कळायचं नाही. तिच्या प्रकल्पाचं नाव एवढं लांब, की ते पुरं होईस्तोवर माझा चहा निवला. मथितार्थ इतकाच, की संकट आलं तरी शहराने मोडून पडू नये, वाकावं आणि पुन्हा ताठ उभं राहावं. मी म्हटलं, पोरी, वाकण्यात आमची गल्ली आधीच तयार आहे.

"काका, पाणी आलं की तुम्ही सर्वांत आधी काय करता?" तिने वही उघडून विचारलं.

"चपला हातात घेतो."

तिने तेही लिहून घेतलं. तिथेच मला ही मुलगी आवडली.

तिची गोष्ट जरा नाजूक होती. आदल्या वर्षी तिने दुसऱ्या एका वस्तीत खारफुटीची रोपं लावली होती, समुद्राला आडोसा म्हणून. ती शेळ्यांनी फस्त केली. प्रकल्प गेला, वर्ष गेलं. ही शेवटची संधी. पालिकेचे विदाग्दो साहेब प्रत्यक्ष येऊन पाहणार, आणि त्यांनी 'हे चालतं' म्हटलं तरच तिला पदवी मिळणार. नाहीतर बाड-बिस्तरा गुंडाळून देमाकला बापाच्या घरी, मासे वाळवायला. वर साहेब खूश झाले तर आमच्या गल्लीला पाणी उपसायचा पंप मिळण्याची शक्यता होती. पंपाचं नाव काढल्यावर आमच्या बायकांनी पोरांपुढे केळ्याच्या भज्यांचा ढीग ओतला.

यंत्र साधंच होतं. गटारात एक तरंगता गोळा, पाणी वाढलं की तो वर येणार आणि माझ्या ओसरीवरचा भोंगा वाजणार. प्रश्न एकच, भोंग्याने कसला आवाज काढायचा? तुम्ही म्हणाल, ह्यात काय एवढं. आमच्याकडे या म्हणजे कळेल. गल्लीत प्रत्येक फेरीवाल्याचा आवाज ठरलेला आहे. टकटक वाजलं की शेवया, घंटा वाजली की भाजक्या मांसाच्या सातेच्या सळया, वाफेची शिट्टी झाली की तांदळाचे गोड पुतू. लारासने जो आवाज ऐकवावा, त्यावर कोणीतरी ताटली घेऊन उठायचं. असं झालं तर पुरात सगळी गल्ली ताटल्या घेऊन दारात उभी राहिली असती.

शेवटी मी पुढे झालो. आवाज निवडायला कान लागतो, आणि कान माझ्याकडे आहे. मी पक्षी पाळतो. माझा शामा पक्षी, नाव सेनोपाती, गेल्या साली गाण्याच्या शर्यतीत जिल्ह्यात दुसरा आला होता. पहिला यायला हवा होता, पण त्याबद्दल मी बोलत नाही, बोललो की आमची ही उठून जाते. तर मी लारासच्या यंत्रातून एक शीळ निवडली. तीन चढत्या लकेरी आणि शेवटी एक लांब थरथर. काय सांगू! ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

"फार गोड वाटते हो," शेजारचा कुस्नान म्हणाला. हा आमच्या पक्षीमंडळाचा चिटणीस. माझ्या पक्ष्यापेक्षा ह्याचा पक्षी कधीच वरचढ ठरला नाही, त्यामुळे माझ्या प्रत्येक गोष्टीत ह्याला खोट दिसते.

"गोडच हवी. पाणी आलं म्हणून काय माणसांना झटका यायला पाहिजे?"

भोंगा ओसरीवर बसला, सेनोपातीच्या पिंजऱ्याशेजारी. शिवाय मी एक नियम घालून दिला. भोंगा ज्याला पहिल्यांदा ऐकू येईल त्याने दारातला लाकडी ठोकळा बडवायचा, तो ऐकून पुढच्याने त्याचा, असं गल्लीच्या टोकापर्यंत. चोर आला, आग लागली, तर आमच्याकडे पूर्वीपासून असेच ठोकळे बडवतात. ठोकळा वाजला की मोटारसायकली पुलावर, फ्रिज विटांवर, कोंबड्या छपरावर. आणि सार्केम आजींना खुर्चीसकट उचलून नमाजघराच्या पायऱ्यांवर न्यायचं. त्यांना चालवत नाही आणि त्या वजनदार आहेत, त्यामुळे चौघे नेमले. खुर्चीच्या प्रत्येक पायाला एक. डावा मागचा पाय माझ्याकडे, क्रेनवाला म्हणून.

पोरं महिनाभर रोज सकाळी भोंगा वाजवून पाहत. मला त्याचा काही त्रास नव्हता. सेनोपाती तेव्हा पिसं गाळत होता. त्या दिवसांत शामा गप्प असतो, आणि आम्ही त्याच्या पिंजऱ्यावर खोळ घालतो. खोळीच्या अंधारात त्याला उत्तम उत्तम आवाज ऐकवायचे. तो मुकाट ऐकतो, मनात साठवतो आणि नवी पिसं आली की एक दिवस आपलेच म्हणून गाऊन दाखवतो. पक्षी घडवायची हीच तर विद्या आहे, आणि ती मी गल्लीतल्या चार जणांना शिकवलेली आहे.

हो. आता तुम्हाला कळलं. मला नाही कळलं.

पहिल्या मोठ्या भरतीला यंत्राने कमाल केली. गोळा वर आला, भोंगा वाजला, ठोकळे खणखणले, आणि पाणी घरात शिरलं तेव्हा भिजायला काही उरलंच नव्हतं. सार्केम आजी पायऱ्यांवर बसून पाणी बघत होत्या. लारासच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हटलं, आता पदवीच्या समारंभाला घालायला कपडे शिवून घे.

त्यानंतर गंमत सुरू झाली. एका सकाळी मी बाजारात मुंग्यांची अंडी आणायला गेलो होतो. शर्यत जवळ आली की सेनोपातीला ताजी अंडी लागतात. परत येतो तर पुलावर मोटारसायकलींची रांग, छपरावर कोंबड्या, आणि गटार कोरडं ठणठणीत. भोंगा वाजला म्हणे. लारास धावत आली. तिने गोळा उघडला, त्यात एक खेकडा सापडला. खेकड्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि गोळ्यावर जाळी बसली.

दोन दिवसांनी मी पुन्हा बाजारात, आणि पुन्हा तेच! ह्या खेपेला उंदराने वायर कुरतडल्याचा संशय. वायर बदलली. तिसऱ्या वेळीही मी बाजारातच, आणि आता संशय घ्यायला प्राणी उरला नाही. लारासचे दोघे सोबती गटाराच्या काठावर बसून राहू लागले. त्यांच्या डोळ्यांदेखत गोळा तळाशी चिकटलेला, आणि तिकडे गल्लीत ठोकळे सुरू. लारासने जेवण सोडलं. चष्म्याआडचे डोळे खोल गेले.

गल्लीत मात्र एका माणसाची चैन होती. सार्केम आजी. पहिल्यांदा त्यांना उचललं तेव्हा त्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता त्या रोज सकाळी बातिकची चांगली लुंगी नेसून, केसांत फूल माळून खुर्चीत तयार बसायच्या. एखाद्या दिवशी काही वाजलं नाही की विचारायच्या, "आज नाही का रे यायचं पाणी?"

शेवटी गल्लीची बैठक बसली. लोकांची कंबरडी मोडली होती, फ्रिज उचलून उचलून. कुस्नान उभा राहिला. "दार्माजींच्या ओसरीवर बसल्यापासून यंत्र बिघडलंय," तो म्हणाला. "माझ्या ओसरीवर बसवलं असतं तर..."

"पहिला ठोकळा दर वेळी तूच बडवतोस," मी म्हटलं.

"मग? कान आहेत मला. तुमच्या ओसरीतून शीळ येते, मी बडवतो. नियम तुमचाच."

नियम माझाच होता. ठरलं असं, की शनिवारी साहेब येतील तेव्हा एक शेवटची संधी. त्या दिवशी घोटाळा झाला तर यंत्र गटारात. लारास चष्मा पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं. निघताना मी तिला शब्द दिला, पोरी, माझ्या ओसरीवर बसलेल्या यंत्राची लाज मी जाऊ देणार नाही.

शनिवार उजाडला. विदाग्दो साहेब आले, गोल चेहऱ्याचे, गुडघ्याने जरा अधू. त्यांना ओसरीसमोर खुर्ची दिली, चमेलीचा चहा दिला, लुंपियाच्या गरम तळलेल्या गुंडाळ्या दिल्या. सेनोपाती खोळीत होता, कारण रविवारी शर्यत, आणि आदल्या दिवशी पक्ष्याला पाहुणे दाखवायचे नसतात. लारासने सगळं समजावून सांगितलं. आता ती गटारात बादलीने पाणी ओतणार, गोळा वर येणार, मग भोंगा वाजणार. ती बादली उचलून गटारापाशी गेली.

बादली तिच्या हातातच होती, आणि शीळ वाजली.

तीन चढत्या लकेरी, मग लांब थरथर. मी ओसरीवर, भोंग्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. भोंगा मुका होता. हलली ती खोळ.

पण विचार करायला सवड कुठे? कुस्नानने ठोकळा बडवला, त्याच्या पुढच्याने बडवला, आणि गल्ली सुटली. मोटारसायकली पुलाकडे, कोंबड्या छपरावर. साहेबांच्या ड्रायव्हरच्या हातून किल्ली घेऊन कोणीतरी त्यांची गाडीसुद्धा पुलावर नेऊन लावली. आजींना उचलायला माझे तिघे धावले. मला जागचं हलवेना, म्हणून चौथा पाय साहेबांच्या ड्रायव्हरने धरला, बिचारा भांबावून. जरा वेळाने सगळी गल्ली पुलावर, आणि ओसरीसमोर साहेब एकटे. हातात अर्धा लुंपिया. पलीकडे लारास, हातात भरलेली बादली.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "पाणी नसतानाही हे वाजतं."

लारासने मान खाली घातली. बादलीतलं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं, तिला कळतही नव्हतं.

आता माझी अवस्था समजून घ्या. पिसं आल्यावर शाम्याने कुठला भलता आवाज उचलला असं एकदा मंडळात कळलं, की पक्षी बिघडला म्हणतात. मग घडवणाऱ्याची अब्रू पिंजऱ्याच्या तळाशी. आणि मंडळाचा चिटणीस समोरून कपाळ पुसत परत येत होता. मी नुसतं गप्प राहायचं होतं. दोष यंत्रावर गेला असता, आणि सेनोपाती रविवारी डौलात गायला असता.

मी खोळ काढली.

"साहेब, यंत्राचा काही दोष नाही," मी म्हटलं. "आजवर जेव्हा जेव्हा उगाच वाजलं, ते ह्याने वाजवलं. आवाज मी निवडला, आणि शिकवलाही मीच."

उजेड पडल्यावर सेनोपातीने शेपूट उडवली, मान वर केली, आणि पुन्हा तीच शीळ घातली. भोंग्यापेक्षा सुरेख. शेवटच्या थरथरीला त्याने पदरची एक गिरकीही जोडली होती. गल्लीतले जे नुकतेच परतले होते ते पुन्हा पुलाकडे धावले.

साहेबांनी हातातला लुंपिया खाली ठेवला. "व्वा!" ते म्हणाले. मग कळलं, की साहेब पक्षीवेडे निघाले आणि रविवारच्या शर्यतीचे पाहुणे तेच होते. "हा पक्षी उद्या आणाच. नाही आणला तर मी रागावेन." कुस्नानचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण लारासकडे वळल्यावर साहेब पुन्हा साहेब झाले. यंत्र ठीक आहे, म्हणाले, लोक पळालेही छान. पण आज सगळ्यांना ठाऊक होतं, की परीक्षा आहे. त्या म्हाताऱ्या बाई तर फूल माळून बसल्या होत्या. बेसावध असताना माणसं अशी वागली तर खरं. आणि ते मी पाहिलेलं नाही, मग 'चालतं' असं कसं म्हणू? विचार करून सोमवारी कळवतो. एवढं बोलून ते गाडी शोधायला पुलाकडे गेले.

आमची ही त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलली. रात्रीच्या भाताबरोबर तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, तळलेल्या कापांतला मोठा काप मला वाढला आणि म्हणाली, "पोरीसाठी खोळ काढलीत, बरं केलंत." मग म्हणाली, "पण आवाज तुम्हीच निवडलात, हेही खरं."

रविवारी मैदान फुलून गेलं होतं. लारासचं दुःख विसरायला म्हणून मी तिलाही बोलावलं होतं. आख्खी गल्ली आली, सार्केम आजीसुद्धा आल्या, आपली खुर्ची घेऊन. पिंजरे रांगेत टांगले. आम्ही मालक दोराबाहेर, कुस्नान चिटणीसाच्या टेबलापाशी, आणि साहेब मांडवात मधल्या खुर्चीवर, हार घालून.

मी मनोमन सेनोपातीची विनवणी करत होतो, सगळं गा, फक्त ते नको. आणि पोराने काय गायलं! आधी चिमणीचा चिवचिवाट, मग रातकिडा, मग बुलबुल, मग कुठून उचलला कोण जाणे, पुतूवाल्याच्या वाफेचा आवाज. पंचांनी त्याच्या पिंजऱ्याखाली एक झेंडी रोवली. दुसरी रोवली. तिसरी रोवली की पहिला नंबर! पंच वाकला. सेनोपातीने छाती फुगवली, आणि तीन चढत्या लकेरी घेतल्या.

शेवटची थरथर पुरी व्हायच्या आत कुस्नानचा हात टेबलावर पडला. धाड, धाड, धाड! विचार केलाच नव्हता, असं तो शपथेवर सांगतो. आमची गल्ली उठली. मोटारसायकली मैदानाच्या चढावर गेल्या. कोणाची तरी थंड पेयांची पेटी विटांवर चढली. चौघे धावत मांडवात शिरले, समोर जी खुर्ची दिसली ती उचलली आणि आतल्या माणसासकट थेट प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या टोकावर नेऊन ठेवली. खुर्चीत विदाग्दो साहेब होते. हार एका कानावर लोंबत होता.

पळापळीने सगळे पक्षी गप्प झाले होते. फक्त खालून सार्केम आजींचा आवाज आला. "मला ठेवून त्याला नेलं! हाच का तुमचा प्रकल्प?"

लारास पायऱ्या चढून वर गेली. पांढरीफटक पडली होती, पण बोलली. "साहेब, आज कोणालाच ठाऊक नव्हतं."

साहेबांनी खाली पाहिलं. चढावर मोटारसायकली ओळीने लागल्या होत्या. मग त्यांना हसू फुटलं. खुर्ची गदगदू लागली तसे ते खुर्चीला घट्ट धरून हसले. "चालतं बाई, चालतं!" ते म्हणाले. "आणि ह्यांना पंपही द्या, लवकर द्या. नाहीतर मी जाईन तिथे हे मला उचलत राहतील."

लारासला पदवी मिळाली. समारंभाला आमची सगळी गल्ली गेली होती. पंप बसलाय, आणि मोठ्या भरतीला घुटघुट करत पाणी उपसतो. भोंग्याचा आवाज बदललाय, आता तो रेड्यासारखा ओरडतो. तो मी निवडलेला नाही.

सेनोपाती बाद झाला. स्पर्धेत व्यत्यय, असं कारण दिलं. कुस्नानने निकाल वाचताना चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला होता. मला राग आला, खोटं का बोलू. मंडळात मी अजून सगळ्यांना सांगतो, की त्या दिवशी मी दोरापाशी उभा राहून 'थांबा, थांबा' असं ओरडत होतो, पण कोणी ऐकलंच नाही.

आमची ही त्यावर आपला फोन पुढे करते. त्यात त्या वेळचा एक फोटो आहे. साहेब हवेत, हार कानावर, आणि खुर्चीचा डावा मागचा पाय धरून सर्वांत जोरात धावतोय, तो मीच.